यंत्रावर मोजलेली उंची

डोळे मिटा म्हटलं, तर तुम्ही वाचणार कसे? म्हणून डोळे उघडेच ठेवा, कान तेवढे मला उसने द्या.

असं समजा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहता. रविवारची दुपार आहे, तुमच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये आई आहे. आई लांबच्या शहरात, स्वेटरच्या कारखान्यात काम करते. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात उभी राहून तुमच्याशी बोलते आणि तिच्या आवाजाच्या मागे आणखी एक आवाज चालू असतो. खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. फोन ठेवला की दोन्ही आवाज एकदम बंद पडतात आणि खोली फार मोठी वाटायला लागते.

आता असं समजा, की एका रविवारी फोन ठेवला, आईचा आवाज थांबला, पण तो मागचा आवाज थांबलाच नाही. तो पायाखालच्या फरशीतून येत राहिला. खर्रर्र, टक.

तुम्ही काय कराल? वितूने चपलासुद्धा घातल्या नाहीत. ती जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली आणि घड्याळकाकांच्या दाराला कान लावून उभी राहिली.

वितू हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. जन्मली तेव्हा ती वीतभर होती, म्हणून आईने लाडाने ठेवलेलं नाव. हजेरीतल्या नावाने कुणी हाक मारली, तर कुणाला बोलावताहेत म्हणून तीच मागे वळून बघायची. आणि घड्याळकाका म्हणजे बाजारातल्या चिंचोळ्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे काका. डोळ्याला भिंग लावून लावून त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ कायमचा उमटला होता.

दार उघडलं आणि वितू जवळजवळ आत पडली.

"बंद पडलेल्या घड्याळासारखी दारात काय उभी?" काका म्हणाले. "आत तरी ये, नाहीतर पुढे तरी सरक."

आत खिडकीपाशी टेबल होतं आणि टेबलाच्या काठाला घट्ट बसवलेली एक लांबलचक लोखंडी पट्टी. पट्टीत ओळीने दीडशे सुया. शिवायच्या नव्हेत. प्रत्येकीच्या टोकाला वाकडा आकडा आणि त्या आकड्याला उघडझाप करणारी इवलीशी जीभ. काका त्यांच्यावरून एक छोटी गाडी सरकवत होते. गाडी या टोकाकडून त्या टोकाला गेली, की खर्रर्र. टोकाला ओळी मोजणारी कळ दाबली गेली, की टक. आणि तेवढ्यात अख्खी एक ओळ विणून तयार. खालून एक मोजा हळूहळू लांब होत होता.

दिवसभर लोकांची घड्याळं, मग सुट्टीच्या दिवशी काहीतरी आपलं असावं, म्हणून काकांनी हा नाद लावून घेतला होता. त्यांनी कपाटाचा खण उघडून दाखवला. त्यात मोजेच मोजे होते, पण जोडी एकही नाही. एक विणून झाला, की दुसऱ्याचा त्यांना कंटाळा यायचा. पहिला मोजा म्हणजे शिकणं आणि दुसरा म्हणजे गृहपाठ, असं त्यांचं म्हणणं.

"माझ्या आईच्या फोनमध्ये असतो हा आवाज," वितू म्हणाली.

काकांनी खुर्चीवर एक उशी ठेवली, कारण तिचे कोपर टेबलापर्यंत पोचत नव्हते, आणि गाडीची मूठ तिच्या हातात दिली.

अशी ती शिकायला लागली, दर रविवारी फोन ठेवल्यावर. पहिल्याच दिवशी तिने गाडी अर्ध्यातून मागे फिरवली आणि सगळं अडकून बसलं. काकांनी एकेक सुई सोडवली. घाई तुला होती की गाडीला, एवढंच विचारलं. मग सांगितलं, की गाडी शेवटच्या सुईच्या पुढे जाईपर्यंत मागे वळायचं नाही. आणखी एक गोष्ट वितूला फार चमत्कारिक वाटली. विणताना आपल्यासमोर असते ती उलट बाजू. सुलट बाजू पलीकडे, भिंतीकडे तोंड करून. आपण काय विणलंय ते यंत्रावरून उतरवल्याशिवाय नीट दिसतच नाही.

सुरुवातीच्या आठ-दहा ओळी काका नेहमी कुठल्यातरी उरल्यासुरल्या लाल लोकरीच्या विणायला लावत आणि काम झालं की त्या उसवून टाकत. टाकाऊ लोकर म्हणायचे तिला. अर्धवट काम उतरवून ठेवायचं असलं, तरी तीच युक्ती. वर काही ओळी टाकाऊ लोकरीच्या विणायच्या आणि खुशाल यंत्रावरून काढायचं. खरे टाके त्या लोकरीच्या आधाराने थांबून राहतात. पुन्हा सुयांवर चढवले, की काम जिथून सोडलं तिथून पुढे सुरू.

"किती दिवस थांबतात?" वितूने विचारलं.

"माझा एक मोजा सहा वर्षं थांबलाय. अजून कुरकुर केली नाही त्याने."

ते ऐकून वितू धावत वर गेली आणि एक डबी घेऊन आली. कारखान्याच्या मालाचा ट्रक दोन महिन्यांतून एकदा इकडे यायचा आणि ट्रकवाले मामा आईची पिशवी आणून द्यायचे. त्या पिशवीतल्या कपड्यांना लाल लोकरीचे बारीक बारीक तुकडे चिकटलेले असत. बाबा झटकून टाकायला निघाले, की वितू ते वेचून डबीत ठेवायची. कशाचे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

काकांनी एक तुकडा भिंगाखाली धरला. आई कारखान्यात काय करते, ते विचारलं. बाही, पाठ, गळा असे सुटे भाग येतात, ते ती जोडते, वितू म्हणाली.

"मग हे तिच्याच बोटांनी उसवलेलं. भाग येतात ते टाकाऊ लोकरीवर थांबलेले. जोडून झाले, की ती हे ओढून काढत असणार. दिवसाला ढीगभर." काकांनी तुकडा परत डबीत ठेवला आणि झाकण अगदी हळू लावलं, घड्याळाचं लावतात तसं.

आणि एक नियम. काकांनी तो तीनदा सांगितला होता, म्हणून मीही तुम्हाला सांगून ठेवते. विणलेलं नीट खाली उतरावं म्हणून त्याला लोखंडी वजनं लटकवलेली असतात. वजनाने ते ताणलं जातं. म्हणून यंत्रावर असताना मोजायचं नाही. नव्या लोकरीचा आधी हातभर नमुना विणायचा, उतरवायचा, रात्रभर निजू द्यायचा आणि मग किती ओळींना किती लांबी होते ते मोजायचं. वितूने मान डोलावली. मान डोलावायला काय लागतं?

थंडीच्या तोंडावर ट्रक आला आणि आईने पाठवलेला स्वेटर आला. निळा, खांद्यावर तीन बटणांचा. वितूने तो घातला. बाह्या कोपराच्या जरा पुढे जाऊन संपल्या आणि खालून बनियन दिसायला लागलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जगातली कुठलीही अडकलेली वस्तू थोडी ओढली की खाली येते, असा त्यांचा विश्वास. त्यांनी स्वेटर पुढून ओढला, मागून ओढला.

"आटला असेल," ते म्हणाले.

"न धुताच?"

बाबांनी बाही आणखी एकदा ओढून पाहिली.

रविवारी आईने विचारलं, स्वेटर बसला का. वितू म्हणाली, बसला. पण बाबांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी मागून ओरडून सांगितलं, की पोरगी आता एकशे एकतीस सेंटीमीटर झाली आहे, कालच टेपने मोजली.

पलीकडे थोडा वेळ नुसतंच खर्रर्र, टक ऐकू आलं.

"एकशे एकतीस," आई म्हणाली. "आकडा कळतो गं. पण आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. फोटोत बघावं तर तू माझ्या खिशात मावतेस. मी मापं घ्यायला डोळे मिटते ना, तर तू त्या चौकटीवरच्या खुणेएवढीच दिसतेस."

ती खूण स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर होती. दोन वर्षांपूर्वी निघण्याच्या सकाळी आईने वितूच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने केलेली. मग आईने दुसरी गोष्ट सांगितली. थंडीत येणार होते, पण कारखान्यात मोठं काम आलंय, सुट्टी मिळत नाही, आता उन्हाळ्यातच. वितूने बरं म्हटलं. ती एकदाच बरं म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.

खाली जाताना जिन्यातच तिने ठरवलं. एक मफलर विणायचा. अगदी आपल्या उंचीचा, जमिनीपासून डोक्यापर्यंत. आईने तो खोलीत भिंतीला टांगावा, शेजारी उभं राहावं, म्हणजे डोळे न मिटता तिला कळेल, की वितू आता तिच्या कुठे लागते.

ट्रक शनिवारी चार वाजता परत निघणार होता. बाबांनी बुधवारी पिवळी लोकर आणली. पाखराच्या पिल्लासारखी पिवळी, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच निवडलेली, त्यामुळे कुणी नावं ठेवली नाहीत. काका दिवसभर दुकानात. त्यांनी आपल्या घराची किल्ली वितूला दिली आणि चौथ्यांदा सांगितलं, आधी नमुना.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच यंत्रासमोर बसली. नमुना विणायचा, तो रात्रभर निजणार, म्हणजे एक दिवस गेला. शिवाय नमुना म्हणजे तर गृहपाठच, आणि गृहपाठाचा कंटाळा खुद्द काकांनाच होता. तिने चाळीस सुया पुढे ओढल्या आणि सरळ मफलरच सुरू केला.

खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. मधूनच ती डोळे मिटायची, तेव्हा आपण आईच्या जिन्यात आहोत असं वाटायचं. वजनं जमिनीला टेकायला आली, की ती वर सरकवावी लागत. प्रत्येक वेळी सरकवायच्या आधी तिने बाबांच्या टेपने लांबी मोजली आणि तिथे एक दोरा बांधला. दंड भरून आले. मोजणीच्या कळीवर तीनशे साठ आकडा आला, तेव्हा टेपवर बरोबर एकशे एकतीस भरले. ना एक कमी, ना एक जास्त. तिने जीभ दातांत धरून चाळीसही टाके एकात एक ओवून बंद केले, लोकर कापली, मफलरची घडी घातली आणि लगेच कागदात गुंडाळून टाकली.

शुक्रवारी सकाळी बाबा म्हणाले, बघू तरी, माझी मुलगी कागदात मावली कशी. वितू चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली. बाबांनी मफलरचं एक टोक जमिनीवर पायाच्या अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं वर नेलं.

ते तिच्या भुवयांपर्यंतसुद्धा पोचलं नाही.

वितू बाजूला झाली आणि तिने वळून पाहिलं. मफलरचं टोक आईच्या जुन्या पेन्सिलीच्या खुणेपाशी लोंबत होतं. जेमतेम बोटभर वर. दोन वर्षांत वितू जेवढी वाढली होती, तेवढी सगळी कुठेतरी नाहीशी झाली होती.

ती रडली नाही. तिने मफलर दोन्ही हातांनी ताणला, सोडला. तो परत होता तेवढा झाला. पुन्हा ताणला.

बाबांना राहवेना. ते म्हणाले, माझ्याकडे वजनं आहेत, भिजवून टांगू, इस्त्रीची वाफ देऊ, सकाळपर्यंत लांब होतो की नाही बघच. वितूला ते पटलंही. पण संध्याकाळी काका दुकानातून आल्यावर तिने मफलर त्यांच्यापुढे ठेवला आणि बाबांची युक्ती सांगितली.

काकांनी मफलर हातात घेऊन नुसता दाबून पाहिला.

"यंत्रावर मोजलंस."

"हो."

"सगळेच मोजतात एकदा. मी असा एक स्वेटर विणला होता. शेवटी पाण्याच्या बाटलीला घातला." मग ते म्हणाले, "ओढून लांब होईल गं. पण त्यातला जीव जाईल, पोतेऱ्यासारखा लोंबेल. आणि तुझी आई दिवसभर हेच हातात घेते. तिला बोट लावताच कळेल, की हा ओढलेला आहे."

"मग आता?"

"आता तो रात्रभर निजलाय. खरं बोलेल. विचार त्याला."

वितूने टेबलावर मफलर मोकळा पसरला आणि मोजला. एकशे वीस. तुम्हीही करून बघा हिशेब. तीनशे साठ ओळींचे एकशे वीस सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला तीन ओळी. कमी पडले अकरा. तेहतीस ओळी. वितूने कागदावर दोनदा केला, दोन्ही वेळा तेहतीसच आल्या. काकांनी भिंगातून कागद तपासला, जणू उत्तर फार बारीक अक्षरात होतं.

मग काल घट्ट बंद केलेली कड उसवायची. ते तिला सगळ्यात जिवावर आलं, कारण सगळ्या मफलरात तीच कड तिला सगळ्यात छान जमली होती. टाके मोकळे झाले. छोट्या आकड्याने एकेक उचलून तिने सुईवर चढवला. दोन निसटले आणि चार ओळी खाली पळाले. काकांनी नुसतं बोट दाखवलं, पकडले तिनेच. वजनं लटकवली. मग खर्रर्र, टक. तेहतीस वेळा. या वेळी तिने टेपला हात लावला नाही, नुसता आकडा पाहत राहिली. तीनशे त्र्याण्णव.

पिवळ्या लोकरीचा अजून मुठीएवढा गोळा शिल्लक होता.

"कर बंद," काका म्हणाले.

वितूचा हात गाडीवरच राहिला. मग ती खुर्चीवरून उतरली आणि टाकाऊ लोकरीची टोपली घेऊन आली. त्यातली लाल लोकर तिने काढली.

"बंद नको," ती म्हणाली. "बंद केलं की आईला वाटेल, मी एवढीच."

काकांनी लाल लोकर तिच्या हातातून घेतली आणि तिच्यासाठी गाडीत ओवून दिली. तिने लाल दहा ओळी विणल्या आणि मफलर यंत्रावरून सोडला. चाळीसच्या चाळीस टाके लाल पट्टीत थांबून राहिले. उठताना काकांच्या लक्षात आलं, की खुर्चीवरची उशी आज खाली जमिनीवरच आहे. ती तिने घेतलीच नव्हती.

शनिवारी सकाळी, रात्रभर निजलेला मफलर बाबांनी पुन्हा चौकटीला धरला. पिवळा रंग वितूच्या डोक्याशी संपला आणि लाल पट्टी डोक्याच्या वर आली. बाबा म्हणाले, हा तुरा कसला? वितू म्हणाली, आईला कळेल.

चार वाजता ती आणि बाबा बाजाराच्या टोकाला गेले. ट्रकवाले मामा चाकांना लाथा मारून हवा बघत होते. त्यांनी पिशवी घेतली, वजन करून पाहिल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, यात काय, चिठ्ठी की चिरंजीव? वितू म्हणाली, मी आहे. अस्सं होय, मग पुढेच बस, असं म्हणून मामांनी पिशवी आपल्या शेजारच्या सीटवर उभी करून ठेवली.

पिशवीत मफलर होता आणि त्याच्यावर तो उरलेला पिवळा गोळा. सकाळी वितूनेच ठेवला होता, आईला पुढे विणता यावं म्हणून. तिकडे यंत्रं काय कमी आहेत?

मामांनी ट्रक सुरू केला. बाबांनी हात वर केला. आणि वितूने काय केलं, सांगू? ती पायरीवर चढली, खिडकीतून आत वाकली, पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि गोळा बाहेर काढून घेतला.

"अगं, राहिलं का काही?" मामांनी विचारलं.

"आईला सांगा," वितू म्हणाली, "गोळा माझ्याकडे आहे. पुढच्या ओळी उन्हाळ्यात, इथे."

मग ती खाली उतरली. ट्रक वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. नंतर बाबांचा हात न धरता ती चालायला लागली, कारण तिचे दोन्ही हात त्या गोळ्याभोवती होते.